परत दोडका? दारात येणाऱ्या मोसमी भाजीची गोष्ट आणि हिशोब

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

 

आजच्या भागाची सुरुवात एका फोनने करतो. ऑगस्टचा महिना, मंगळवारची सकाळ, साडेआठ वाजलेले. कोथरूडच्या एक काकू फोनवर होत्या. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारलं, "अरे, परत दोडका? सलग तिसरा आठवडा! आमच्याकडे दोघंच आहोत, आणि त्यातल्या एकाला दोडका चालत नाही. पुढच्या आठवड्यापासून नको पाठवूस."

मी "बरं काकू" म्हणालो आणि वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. त्या महिन्यातली ती नववी फुली होती.

आता हा फोन मला का आला, ते सांगतो. माझा आतेभाऊ पुरंदर तालुक्यात शेती करतो. सासवडपासून थोडं आत. त्याला मी दादा म्हणतो. अंजिराची आणि सीताफळाची थोडी झाडं, बाकी भाजीपाला. तीन वर्षं आम्ही त्याची भाजी पुण्यात थेट घरोघरी पोचवत होतो. तो पिकवायचा, वहिनी निवडून भरायच्या आणि पुण्यातले फोन, पैसे, पत्ते, रुसवेफुगवे हे खातं माझ्याकडे. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते त्रयस्थपणे बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं की ही जी 'शेतातून थेट घरी' भाजी मिळते, ती घ्यावी का? महाग का असते? आणि ती खरंच शेतातून येते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. एकेक धागा सोडवू.

नेहमीची भाजी आपल्यापर्यंत कशी येते?

आधी नेहमीचा रस्ता बघू. पुरंदरच्या शेतकऱ्याने दुपारी-संध्याकाळी टोमॅटोचा तोडा केला. क्रेट भरले. गावातून हुंडेकऱ्याची गाडी निघते, ती आठ-दहा जणांचा माल घेऊन रात्री गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचते. पहाटे आडत्याच्या गाळ्यावर माल विकला जातो. तिथून किरकोळ विक्रेता घेतो, आपल्या गाडीवर किंवा दुकानात मांडतो, पाणी मारतो, आणि आपण सकाळी नाहीतर संध्याकाळी विकत घेतो.

शेतकऱ्याच्या हातात येते ती 'पट्टी'. म्हणजे हिशोबाचा कागद. वर विक्रीची रक्कम आणि खाली वजावटी: गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे. दादाकडे अशा पट्ट्यांची एक अख्खी पिशवी आहे. त्यातली एक तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो. कोथिंबिरीची आहे. सगळं वजा जाता हातात बावीस रुपये. तो हसत दाखवतो, पण ती पट्टी त्याने फेकलेली नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं.

हा एकट्या दादाचा अनुभव नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज आहे की ग्राहक टोमॅटोवर एक रुपया खर्च करतो तेव्हा शेतकऱ्यापर्यंत त्यातले साधारण ३३ पैसे पोचतात. कांद्यात ३६ पैसे, बटाट्यात ३७ पैसे.

आता इथे घाईने कुणाला खलनायक ठरवू नका. उरलेले ६३-६७ पैसे कुणी एकटा खिशात घालत नाही. त्यात वाहतूक आहे, हमालांची मजुरी आहे, गाळ्याचं भाडं आहे आणि नासाडी आहे. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे 'सिफेट'चा २०१५ चा अहवाल आहे. त्यात काढणीपासून विक्रीपर्यंत टोमॅटोची नासाडी १२ टक्क्यांच्या वर आणि पेरूची जवळपास १६ टक्के धरली आहे. चौकातल्या भाजीवाल्या मावशी संध्याकाळी जो मऊ पडलेला माल बाजूला काढतात, त्याचे पैसे त्यांना उरलेल्या मालातूनच काढावे लागतात. म्हणजे आपणच देतो.

मग शेतकऱ्याने थेट का विकू नये? कायद्याची अडचण बरीच वर्षं होती. १९६३ च्या कायद्याखाली शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात करायचा, थेट पणनासाठी वेगळा परवाना काढायचा, असा मामला होता. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजार दिसायला लागले. मग २०२० चा लॉकडाऊन आला. बाजार बंद, सोसायट्यांची फाटकं बंद, शेतात माल उभा. तेव्हा शेकडो शेतकरी गटांनी टेम्पो थेट सोसायटीच्या दारात नेले. आम्हीही त्यातलेच. पहिल्या फेरीला माल पंचवीस मिनिटांत संपला होता! दादा परत जाताना दिवे घाटात गाडी थांबवून मला फोन करून म्हणाला, "आता मार्केटला जायचं कामच नाही बघ."

तसं झालं नाही. का नाही, ते आता सांगतो.

टोपलीचा हिशोब

घरपोच भाजीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला: तुम्ही यादी देता, तेवढं आणून दिलं जातं. दुसरा: ठरलेली टोपली. आठवड्याला अमुक रुपये, त्यात शेतात जे तयार असेल ते येणार, निवड तुमची नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावाने शेतकरी आणि शहरातली कुटुंबं यांच्यात असे थेट करार सुरू झाले आणि पुढे जगभर त्या धर्तीवर प्रयोग झाले. त्यामागची कल्पना साधी आहे: शेताचा धोका थोडा ग्राहकानेही उचलायचा.

आम्ही टोपली निवडली, कारण एकटा शेतकरी यादीप्रमाणे माल देऊच शकत नाही. यादी द्यायची तर बाजारातून आणावं लागतं, आणि बाजारातून आणलं की तुम्ही किराणा दुकानदार झालात, शेतकरी राहिला नाहीत.

आता आकडे. हे आमच्या वहीतले गोळाबेरीज आकडे आहेत. तुमच्या भागात वेगळे असतील, पण हिशोबाची तऱ्हा तीच राहील.

एका फेरीला ६० टोपल्या. प्रत्येकीत साधारण ६ किलो माल, किंमत ३६० रुपये. म्हणजे ग्राहकाला सरासरी ६० रुपये किलो पडलं. एकूण जमा २१,६०० रुपये.

खर्च बघा. छोटा हत्ती, म्हणजे तो छोटा टेम्पो, त्याचं डिझेल आणि ड्रायव्हर: २,५००. निवडायला आणि भरायला गावातल्या चार बायका: १,६००. पुण्यात जिने चढून देणारी दोन पोरं: १,४००. पिशव्या, क्रेट, दोरा: ४००. खराब निघालेल्या मालाची भरपाई: ८००. फोन आणि बाकी किडूकमिडूक: ३००. झाले ७,०००. उरले १४,६००. किलोमागे साधारण साडेचाळीस रुपये. ग्राहकाच्या रुपयातले ६७-६८ पैसे शेतावर पोचले. रिझर्व्ह बँकेच्या ३३ पैशांपुढे हे दुप्पट आहे. वा!

आता गंमत बघा. ६० च्या ४० टोपल्या झाल्या. टेम्पो तेवढाच, घाट तेवढाच, ड्रायव्हर तोच. खर्च ७,००० वरून फार तर ६,२०० होतो. जमा १४,४००. उरले ८,२००, म्हणजे किलोमागे ३४. आणि २५ टोपल्या झाल्या तर? जमा ९,०००, खर्च ५,५००, उरले ३,५००. किलोमागे २३ रुपये. बऱ्यापैकी दिवशी मार्केट यार्डात तेवढे मिळतात. आणि तिथे कुणाचा फोन येत नाही की परत दोडका का पाठवलास!

म्हणजे या धंद्याचं यश भाजीच्या चवीवर जितकं आहे, तितकंच एका गोष्टीवर आहे: किती घरं, आणि किती जवळजवळ. एकाच सोसायटीत दहा घरं असली तर पोरगा पंधरा मिनिटांत मोकळा होतो. दहा सोसायट्यांत एकेक घर असेल तर सकाळ जाते. प्रत्येक फाटकावर वहीत नाव, वेळ, गाडी नंबर आणि वॉचमनकाकांचं समाधान.

आणखी एक गोष्ट. वर मी जो खर्च सांगितला, त्यात वहिनींची मजुरी नाही. तीन वर्षांत एकदाही मी ती लिहिली नाही. त्या सोमवारी रात्री अकरापर्यंत पालेभाजी निवडायच्या, पहाटे तीनला उठून टोपल्या मोजायच्या. दादा म्हणायचा, "घरचंच काम आहे." मीही तेच धरून चाललो होतो. नंतर एकदा पेन घेऊन बसलो. बाकीच्या बायकांना देतो तोच रोज धरला, तर दोन दिवसांचे ८०० रुपये निघाले. २५ टोपल्यांच्या आठवड्यात किलोमागचे २३ रुपये थेट १८ वर आले. म्हणजे ज्या आठवड्यात 'बरं सुटलं' असं मी वहीत लिहिलं होतं, त्या आठवड्यात तोटा वहिनींनी आपल्या झोपेतून भरला होता. शेतातून थेट घरी, असं जिथे जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे त्या दोन टोकांमध्ये कुणीतरी असं जागलेलं असतं. स्वस्त मिळालं तर ते का स्वस्त आहे, एवढं विचारायला हरकत नाही.

मोसम म्हणजे नक्की काय?

आता काकूंच्या दोडक्याकडे येऊ. सलग तीन आठवडे दोडका का?

कारण तो ऑगस्ट होता. पावसाळा म्हणजे वेलींचा मोसम. दोडका, घोसाळी, पडवळ, दुधी, कारली, काकडी, तांबडा भोपळा. मांडवावर चढलेल्या वेलींना पाऊस मानवतो. त्याच पावसात मेथी-कोथिंबीर सडते, टोमॅटोवर करपा येतो. म्हणून श्रावणात कोथिंबिरीची जुडी महाग आणि दोडका हवा तेवढा. वेलीला फळं लागायला लागली की ती आठवड्याला दोन-तीन तोडे देते. तिला सांगता येत नाही की काकूंकडे दोघंच आहेत.

आपल्या आज्यांना हे सांगावं लागत नव्हतं. पंचांगाबरोबर ताट आपोआप बदलायचं. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगी भरपूर खाऊन घ्यायची आणि चातुर्मासात बंद. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य, की वांगी पुन्हा सुरू. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून अळू, भोपळा, माठ, अशी परसातली ऋषीची भाजी. पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं, तीळ, सोबत बाजरीची भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात ना, ती म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे तयार आहे त्याची जवळजवळ पूर्ण यादीच आहे! यामागचं धार्मिक कारण ज्याचं त्याने ठरवावं. पण मोसमी खाणं म्हणजे परदेशातून आलेलं फॅड नाही, एवढं मात्र नक्की.

पावसाळ्यातली रानभाज्यांची टोपली तर वेगळंच प्रकरण. टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली, भारंगी. कोकणात आणि ठाण्या-पालघरकडे शेवळं. यातल्या बऱ्याच भाज्या कुणी पेरत नाही. त्या गोळा करणाऱ्या, बहुतेकदा आदिवासी, बायकांना कुठली भाजी कधी खुडायची आणि कशी रांधायची ते माहीत असतं. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडं किंवा चिंच-कोकमासारखं आंबट घालतात. अशी भाजी घरी आली तर सोबत ती कशी करायची हेही आलं पाहिजे. नाहीतर ती कचऱ्यात जाते.

आणि उन्हाळा? उन्हाळा अवघड. पुरंदरसारख्या कमी पावसाच्या भागात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. भाजी कमी, फळं जास्त: अंजीर, कलिंगड, आंबा, जांभूळ, करवंद. म्हणून तर आपल्याकडे उन्हाळ्यात मटकी, चवळी, कुळीथ, सांडगे, वाळवलेली गवार असं सगळं होतं. आम्ही पहिल्या वर्षी मे महिन्यात टोपली बंद ठेवली आणि वीस घरं गमावली. दुसऱ्या वर्षी वहिनींनी टोपलीत मटकी, हुलगे आणि कुरडया घातल्या. एकही घर गेलं नाही. ही अक्कल माझी नव्हे, त्यांची.

इथे एक गोंधळ मिटवू. 'स्थानिक' आणि 'मोसमी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलीहाऊसमधली रंगीत ढोबळी मिरची जवळच्या गावची असू शकते, म्हणजे स्थानिक. पण ती वर्षभर येते, मोसमाशी तिला देणंघेणं नाही. उलट हिमाचलचं सफरचंद मोसमात आलं तरी पुण्याला स्थानिक नाही. आणि मोसम तरी सगळीकडे एक कुठे असतो? लोकांच्या डोक्यात वाटाणा म्हणजे हिवाळा. पण पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात निघतो. आम्ही ऑगस्टमध्ये शेंगा पाठवल्या तेव्हा दोघांनी विचारलं, "अहो, हा आत्ता कसा काय? कोल्ड स्टोरेजचा का?" आणि जानेवारीत पुण्यात ढिगाने येणारा वाटाणा बराचसा मध्य प्रदेशातून आलेला असतो, तो मात्र आपण 'सीझनचा' म्हणून विश्वासाने घेतो.

तोडल्यावर भाजीत काय होतं?

ताज्या भाजीला चव जास्त असते हे मनाचे खेळ आहेत का? नाहीत. भाजी तोडली तरी ती जिवंत असते. ती श्वास घेत असते, साठवलेली साखर वापरत असते आणि पाणी सोडत असते. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून दुपारी दोनला तोडलेली पालेभाजी आणि पहाटे तोडलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुपारची भाजी शेताची उष्णता अंगात घेऊनच क्रेटमध्ये बसते.

वाटाणा आणि मक्याचं कणीस यांत हे जिभेला लगेच कळतं. तोडल्यापासून त्यांच्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. सकाळी तोडलेला वाटाणा गोड आणि तिसऱ्या दिवशीचा पिठूळ, त्याचं कारण हे.

फळांची तऱ्हा निराळी. आंबा, केळी, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी पिकत नाहीत. आंबट द्राक्ष घरी ठेवून गोड होणार नाही, फक्त सुकेल. अंजीर तर फारच नाजूक. गोडी यायची तर ते झाडावरच पिकायला हवं, आणि पिकलं की दिवस-दोन दिवसांत मऊ पडतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने ते जास्त टिकत नाही! असं फळ लांब पाठवणं कठीण. तीस किलोमीटरवरच्या पुण्याला पहाटे तोडून सकाळी देणं सोपं. घरपोच पद्धतीचा खरा फायदा अशा मालाला आहे. बटाट्याला नाही. बटाटा-कांदा खुशाल कोपऱ्यावरून घ्या.

फळं पिकवण्याबद्दल एक श्रोत्यांचा नेहमीचा प्रश्न: "आंबा पावडरीचा तर नसेल?" कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूने ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, पिकवायला परवानगी आहे. फळ स्वतःही इथिलीनच सोडतं. त्यामुळे 'चेंबरमध्ये पिकवलं' म्हणजे विषारी, असं नाही.

टोपली घरी आल्यावर काय करायचं, तेही पटकन सांगतो. पालेभाजी धुऊन ठेवू नका. निवडून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीच आधी संपवा. टोमॅटो कच्चट असतील तर बाहेर पिकू द्या. केळी फ्रीजमध्ये नको, काळी पडतात. काकडी-वांगी फार थंडीत खराब होतात, दोन-तीन दिवसांत वापरा. पिकलेली केळी-आंबे पालेभाजीजवळ ठेवू नका, पानं लवकर पिवळी पडतात. दुधी-भोपळा आठवडाअखेरीला. बस्स, एवढं पाळलं तरी टोपली वाया जात नाही.

ही भाजी खरंच शेतातली आहे का?

आता अवघड भाग. आमचीच चूक सांगतो.

दुसऱ्या वर्षीचा जुलै. चार दिवस पाऊस थांबला नाही. टोमॅटो गेला, पालेभाजी लोळली. मंगळवारी ५५ टोपल्या द्यायच्या होत्या आणि शेतात दोडका, दुधी आणि थोडी गवार. लोक चिडतील, फुल्या वाढतील, या धास्तीने मी दादाला म्हणालो, "या वेळेपुरतं मार्केटमधून घेऊ." तो नको म्हणत होता. मीच रेटलं. पहाटे चारला आम्ही गुलटेकडीहून फ्लॉवर, टोमॅटो आणि कोथिंबीर उचलली आणि टोपल्यांत भरली. सांगितलं कुणालाच नाही.

साडेनऊला फोन. त्याच कोथरूडच्या काकू. आवाज शांत होता. "अरे, ही कोथिंबीर तुमची नाही."

मी विचारलं, "कशावरून, काकू?"

"तुमची जुडी केळीच्या सोपटाने बांधलेली असते. हिला रबर लावलंय."

मला काही बोलताच येईना. "हो काकू, मार्केटची आहे," एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "मार्केटची चालते मला. माझ्या घराखालीच मिळते. तुम्हाला जास्तीचे पैसे देते ते कशासाठी?"

त्या आठवड्यापासून टोपलीत चिठ्ठी घालायला लागलो. वहिनींची मुलगी लिहायची, झेरॉक्स काढायचो. दोनच ओळी: 'आमच्या शेतातलं' आणि 'बाहेरून घेतलेलं, कुणाकडून'. शेजारच्या शेतकऱ्याचा पावटा असेल तर तसं. मार्केटचा टोमॅटो असेल तर तसं. भाजी गेली असेल तर का गेली, तेही. गंमत म्हणजे चिठ्ठी सुरू झाल्यावर दोडक्याच्या तक्रारी कमी झाल्या. पाऊस पडला हे लोकांना खिडकीतून दिसतच होतं. त्या पावसाचा टोपलीशी संबंध कुणीतरी जोडून द्यायला हवा होता, इतकंच.

तेव्हा तुम्ही कुणाकडून घरपोच भाजी घेत असाल, तर तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या गावचं आहे? कधी तोडलंय? आणि या आठवड्यात तुमच्याकडे काय नाही? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बाराही महिने ज्याच्याकडे सगळं असतं, तो व्यापारी आहे. व्यापारी असणं वाईट नाही, पण मग शेतकऱ्याच्या नावाने जास्तीचे पैसे मागू नयेत. 'सेंद्रिय' म्हणत असतील तर प्रमाणपत्र विचारा. आपल्याकडे एनपीओपी आणि पीजीएस-इंडिया अशा दोन पद्धती आहेत. प्रमाणपत्र नसलेला लहान शेतकरीही प्रामाणिक असू शकतो, पण मग त्याने शेत दाखवायची तयारी ठेवावी. आणि तुम्ही जायची.

आणखी एक. घरपोच भाजी आली म्हणून कोपऱ्यावरच्या मावशींना विसरू नका. डोक्यावर पाटी घेऊन दारात येणारी भाजीवाली हीच आपल्याकडची जुनी घरपोच सेवा आहे. वसईचे बागायतदार लोकलने मुंबईत भाजी आणून विकत आलेत, ते अॅप यायच्या कितीतरी आधीपासून. मावशींनाही हेच तीन प्रश्न विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर मिळतं.

मग पुढे काय झालं?

आम्ही बंद केलं का? नाही, पण लहान केलं. तीन वर्षांनंतर पुण्यात चारच सोसायट्या ठेवल्या, एकमेकींना लागून. प्रत्येक सोसायटीत एक घर ठरलेलं, टोपल्या तिथे उतरतात, बाकीचे खाली येऊन घेऊन जातात. जिने चढणाऱ्या पोरांचा खर्च वाचला. ते पैसे आता वहीत वहिनींच्या नावाने लिहिले जातात. महिन्याचे पैसे आगाऊ. बाकीचा माल दादा पूर्वीसारखाच मार्केटला घालतो, कारण सगळा शेतमाल टोपलीत बसत नाही, हे आम्ही शिकलो.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर एवढंच सांगेन. एकट्याने नको, शेजारची पाच-सात घरं जमवा. महिन्याचे पैसे आधी द्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सोडू नका. हिवाळ्यात सगळेच ग्राहक असतात. पावसाळ्यात जे टिकतात त्यांच्या भरवशावर शेतकरी पुढच्या हंगामाचं बी टाकतो.

त्या काकूंचं राहिलंच. फुली मारलेल्या काकू ऑक्टोबरात स्वतःहून परत आल्या. "पावटा कधी सुरू होतोय?" असा फोन होता. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दोडक्याच्या शिरांची चटणी करते आता, तीळ घालून. ह्यांना आवडते. फक्त कशाची आहे ते सांगितलेलं नाही."

तुमच्या घरी पावसाळ्यातल्या जास्तीच्या भाजीचं काय करता, ते जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातलं काही वाचून दाखवीन. तोवर नमस्कार, आणि टोपली आली असेल तर पालेभाजी आधी संपवा!